संकल्पाला पत्ता लागतो

हो हो, अक्षर न् अक्षर माझंच आहे, ती हात जोडलेली चित्रं तेवढी सोडून. ती वासंतीवहिनींनी घातली. आणि खाली ते ‘अकरा जणींना पाठवा’ आहे ना, तेही माझं नाही, आमच्या मंडळाच्या मांजरीच्या शाखेत कुणीतरी वाढवलं — मांजरीच्या बायकांना नुसतं काही पाठवताच येत नाही, शेपूट जोडल्याशिवाय. बघू? अगंबाई, तुम्ही तर रंगीत काढून आणलंत! आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं आमंत्रणसुद्धा आम्ही काळ्या शाईत काढतो हो, आणि माझा मेसेज सरकारने रंगीत काढला. बसा ना टेकून, रविराज. नाव वाचलं मी. तुम्ही दारात ओळखपत्र दाखवलंत तेव्हा आमच्या ह्यांनी नुसता फोटो पाहिला आणि घाबरले, मी नाव वाचलं. आता हातातली ही माळ मला थांबवता येणार नाही हं, आज चौथी माळ, कोथरूडचं पाणी सकाळी नेमकं गेलं म्हणून उशीर झाला, आणि बाराच्या आत घटावर चढायला हवी. मी बोलत जाते, तुम्ही लिहीत जा. दोघांचेही हात चालू राहतील.

पाणी तरी घ्या. ड्यूटीवर पाणी चालत नाही? असं कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा मला. माझा नवरात्राचा उपवास आहे, मी पाणी पिते, आणि तुम्ही भरल्या पोटी निर्जळी करताय! घ्या. हां.

तर विचारा. — का लिहिलं? अहो, का म्हणजे? संकल्प करायचा होता म्हणून. सव्वा लाख जप धरला आम्ही, पाच शाखांमधल्या एकशे आठ जणींनी. आणि संकल्प म्हणजे काय असतं, तुमच्याकडे सत्यनारायण झाला असेल ना — लग्नानंतर? बसला होतात ना जोडीनं? मग गुरुजींनी हातावर पाणी देऊन काय काय म्हणायला लावलं आठवतं का? नाही आठवणार, तुमचं लक्ष शिऱ्याकडे. तर त्यात सगळं सांगायचं असतं, आपण कुठल्या देशात बसलोय, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कोण, कुठल्या गोत्राचा, कशासाठी. पत्ता सांगितल्याशिवाय संकल्प होत नाही. देवाला सगळं माहीत असतं हे खरं, पण आपण मोघम नाही मागायचं. म्हणून मी लिहिलं — सिमरीघाट चौकी, नदीच्या दक्षिण तीरावर, जुन्या पुलाच्या डाव्या हाताला, आणि मग तिथं सीमेवर उभ्या असलेल्या बारा जणांची नावं. यात चुकलं कुठे? दक्षिण तीरच आहे ना? मग!

हो, आता कळतं चुकलं ते. तुम्ही असे दार वाजवून आलात म्हटल्यावर कळणारच. पण त्या दिवशी खरंच नाही आलं हो डोक्यात. मला वाटलं जप आहे, देवघरातली गोष्ट आहे, देवघरातलं कोण वाचतं? आणि बघा, पितृपक्षात धरला होता मी संकल्प, एरवी मी पंधरवड्यात साधी नवी साडी नेसत नाही. पण नेपाळचं सरकार काय माझं पंचांग पाहून पडलं का? दोन दिवसांत पडलं. सोमवारी होतं, मंगळवारी नव्हतं. आमच्या सोसायटीच्या चेअरमनला खाली उतरवायला अकरा महिने लागले, तोही अजून किल्ल्या देत नाही.

हसलात. बरं वाटलं. आल्यापासून कपाळावर आठी घेऊन बसलाय.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, ह्यांनी कालच माझी उजळणी घेतलीय. ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’ तर लिहून घ्या — कुणीही सांगितलं नाही. आमोद तर नाहीच नाही, तिथं चौकीवर असला म्हणून काय झालं. माझा मुलगा घुम्या आहे. जेवलास का विचारलं तर ‘हं’, काय जेवलास विचारलं तर ‘जेवण’. असा माणूस चौकीचं नाव सांगेल? मी माझं मीच काढलं. ह्यांनी तो भलामोठा नकाशा लावलाय ना आतल्या खोलीत, त्यावर. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून देशाचं संरक्षण आमच्या आतल्या खोलीतून चालतं. बाल्कनीत बसलेत बघा ते — अहो, आत या हवं तर! — नाही येणार. एरवी ज्येष्ठ नागरिक संघात तासभर बोलतात. ‘शेजारी राष्ट्रातील सत्तांतर आणि आपली सुरक्षितता’, गेल्याच आठवड्यात झालं, पाच मुद्दे होते, सामरिक, आर्थिक, अजून काय काय, मी पोळ्या करताना सगळं ऐकलेलं, सराव घरातच करतात. टाळ्याही पडल्या म्हणे. आणि आज खरा सुरक्षेचा माणूस घरी आला तर बाल्कनीत जाऊन कुंडीला पाणी घालतायत. तिसऱ्यांदा. मरेल ती तुळस.

मला काही ते पाच मुद्दे कळत नाहीत. मला एकच कळतं. अहो, सरकार बदललं म्हणजे काय झालं, तर फोन कोण उचलणार ते कळेनासं झालं. एवढंच. बघा ना, ती सीमा म्हणजे काही तारांचं कुंपण नाही, शेतातून वाट जाते, पासपोर्ट नाही, काही नाही. त्यांच्या मुली इकडे दिलेल्या, आपल्या तिकडे. कात्रजहून स्वारगेटला यावं तशी माणसं बाजाराला येतात-जातात. आता त्यात कोण बरा, कोण वाईट हे आपल्या पोरांनी कसं ओळखायचं? तर पलीकडे एक पोलीस इन्स्पेक्टर होता, वयस्कर, ह्यांच्या वयाचा, पुलाच्या मधोमध येऊन तो नि आमोद चहा प्यायचे. तो बोट दाखवून सांगायचा — ही अमक्याची सून, माहेरी चाललीय, जाऊ दे. तो तमका, त्याच्या पिशवीत हात घाल. असं सगळं चालायचं. आणि त्या मंगळवारी पलीकडची चौकी जळली, तो इन्स्पेक्टर कुठे गेला पत्ता नाही, तुरुंग फुटलेले, त्यातले लोक नदीकाठानं येतायत, त्यांच्यातच मजूर आहेत, बाळंतिणी आहेत, आणि आमोद फोन लावतोय तर पलीकडे नुसती घंटी वाजतेय, कोणी उचलतच —

काय झालं? लिहायचं थांबलात का?

अं? नाही, हे — हे पेपरात होतं. ‘चहा प्यायचे’ पेपरात नव्हतं, असं म्हणता? असेल हो, एखाद्या पुरवणीत असेल. आम्ही तीन पेपर घेतो. नाही? बरं, मग टीव्हीवर. नाहीतर ह्यांनीच सांगितलं असेल, ह्यांना काहीही सुचतं.

असं बघू नका हो माझ्याकडे. अशानं माझी गाठ चुकते. हे बघा, शेवंतीच्या जागी झेंडू आला.

रविराज, तुमची आई आहे ना? कुठे असते? — सांगलीला. मग तुम्ही तिला फोनवर कुठून बोलतोय ते सांगता की नाही? आज कोथरूडला एका बाईची चौकशी करायला चाललोय, असं सांगितलंत की नाही सकाळी? हां! खाली पाहिलंत. म्हणजे सांगितलंत. बघा, मी कुणाला बोलणार नाही.

ठीक आहे. सांगते. पण आधी सगळं ऐका, मग लिहा. अर्धं ऐकून लिहिलंत तर अर्ध्याचंच पाप लागतं.

सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर ते दिसायला लागलं. शाळेचे गणवेश घातलेली पोरं हो, रक्तात. त्यांच्याही आया असतील ना घरी, भात झाकून बसलेल्या. संकल्पात मी त्यांच्यासाठीही मागितलंय, तुमच्या कागदावर खालून तिसऱ्या ओळीत आहे बघा, ते कुणी वाचत नाही. तर मंगळवारी सरकार पडलं आणि आमोदचा फोन लागेना. बुधवारी संकष्टी होती. मी त्याला मेसेज टाकला — तू कुठे आहेस, बरा आहेस, हे तुझ्या तोंडून कळल्याशिवाय मी पाणी घेणार नाही. सहज टाकला हो. म्हणजे सहज नाही. मला मधुमेह आहे, त्याला ते पक्कं माहीत आहे, आणि मी एकदा म्हटलं की पाळते हेही माहीत आहे, लहानपणापासून पाहिलंय त्यानं. चंद्रोदय झाला, ह्यांनी ताट वाढलं — ह्यांनी! आयुष्यात पहिल्यांदा, मोदक मिठाच्या जागी वाढला, पण वाढला — मी चंद्राला अर्घ्य दिलं आणि तशीच उठले. गुरुवारी सकाळी मला गरगरायला लागलं. ह्यांनी त्याला कळवलं, ‘आई ऐकत नाहीये.’ आणि अकराच्या सुमाराला फोन आला. पाठीमागे नुसता गोंगाट, बायका रडतायत, कुणीतरी ओरडतंय, आणि हा म्हणतोय, आई, आधी पाणी पी. मी म्हटलं, आधी सांग. तो म्हणाला, आई, मला सांगता येत नाही. मी म्हटलं, मग मलाही पिता येत नाही.

मग सांगितलं त्यानं. भराभरा, दोन मिनिटांत. सिमरीघाट, पूल, इन्स्पेक्टर, सगळं. पाणी प्यायल्याचा आवाज ऐकवला मी त्याला फोनवर.

हे लिहा. हेच लिहा. ‘आईने अन्नपाणी सोडलं म्हणून सांगितलं.’ तुमच्या त्या कागदावर असा रकाना आहे का? नाही ना. मग समासात लिहा.

नावं? ती मात्र मी लबाडीनं काढली. पाणी पोटात गेल्यावर डोकं चालायला लागलं माझं. म्हटलं, तुझ्याबरोबर कोण कोण आहेत रे? तो म्हणाला, तुला काय करायचंय? मी म्हटलं, मी एकट्या माझ्याच मुलासाठी मागू की काय? बारा जण एका पंक्तीला बसलेत आणि मी तूप एकाच्याच पानात वाढायचं? तो हसला. इतक्या गोंगाटात हसला हो माझा मुलगा. आणि मोजून अकरा नावं सांगितली. गोत्रं कुणाचीच माहीत नव्हती, म्हणून सगळ्यांना कश्यप लावलं, माहीत नसलं की कश्यप लावतात, तशी सोयच आहे. त्यातला एक मिझोरामचा आहे, त्याचं नाव दोन ओळींत मावेना. एक थॉमस आहे. त्यालाही कश्यपच. वासंतीवहिनी म्हणाल्या, पद्मजा, अगं थॉमस कश्यप चालेल का? मी म्हटलं, देवाला चालेल, मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवायला नको.

तर असा तो मेसेज. मांजरीहून कुणाच्या तरी नणंदेला नागपूरला, नागपूरहून तिच्या जावेला, आणि ती जाऊ कोण निघावी, तर आमोदच्या मोठ्या साहेबांची बायको! तिनं म्हणे भक्तिभावानं साहेबांना वाचून दाखवला. चहाच्या वेळी. साहेबांचा चहा गार झाला असणार.

आता गंमत पुरे. मला कळतंय तुम्हाला काय लिहायचं आहे ते. मी एकच विचारते, मग तुम्ही लिहा. यात माझं चुकलं की त्याचं? कारण माझं असेल तर मला घेऊन चला, मी डबा बांधून तयार आहे. वरईचे तांदूळ नि दाण्याची आमटी, तुमच्यापुरतीही होईल.

अजून एक आहे. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, म्हणून हळू बोलते. तो जेव्हा भरती झाला ना, हिंजवडीची नोकरी सोडून — तेव्हा मी सोळा सोमवार धरले. कशासाठी? तर त्याला ही सीमा मिळावी म्हणून. ती दुसरी नको, बर्फातली, गोळीबाराची नको. मला नेपाळची द्या, जिथं काहीच होत नाही. देवळं आहेत, साधी माणसं आहेत, असं म्हणून मागितलं आणि मिळालं. उद्यापनाला सोळा जोडपी जेवली. सगळे म्हणाले, काय नशीबवान. मी म्हटलं नशीब कसलं, मी मागून घेतलंय. म्हणजे बघा, आज तो तिथं आहे तो माझ्यामुळे. सरकारला वाटतंय सरकारनं पाठवलं.

आणि परवा त्याचा फोन आला. म्हणाला, आई, चौकशी लागलीय. आता बहुतेक मला इथून काढून मागे मुख्यालयात बसवतील, कागद फिरवायला. बढती जाईल ती वेगळी. मी फोन ठेवला, देवघरात आले, आणि — हे लिहू नका, हात जोडते — मला इतकं बरं वाटलं, रविराज. मागे म्हणजे नदीपासून लांब. पंख्याखाली. टेबलावर. मी साखरेचा डबा उघडला, देवापुढे ठेवायला. हात आत गेला, चिमूट भरली, आणि मग ती चिमूट मला देवापुढे नेववेना. कारण फोन ठेवताना तो काय म्हणाला होता ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं. म्हणाला होता, आई, पलीकडे अजून कुणी नीट ओळखीचं झालेलं नाही. नवे आलेत ते मला ओळखायला लागलेत, त्यांच्यातला एक पोरगा परवा चहाला आला पुलावर. आता मी गेलो तर नवीन माणसाला कोण सून आणि कोण कैदी, हे कसं कळणार?

मी शिकलेली नाही हो फार, बारावी आणि मग लग्न. पण एवढं मला कळतं. पलीकडचा ओळखीचा माणूस गेला. तो आपल्या हातात नव्हता, त्यांचं त्यांनी केलं. पण अलीकडचा तर आपल्या हातात आहे ना? तोही तुम्ही उचलून नेलात, तर त्या पुलावर माणसं ओळखणारं उरलं कोण? एखाद्या दिवशी कुणी बाई पोर कडेवर घेऊन येईल आणि नवीन पोरगा घाबरून बंदूक उचलेल. नाहीतर खरा नको तो माणूस हसत हसत पिशवी घेऊन निघून येईल आपल्याकडे, आणि त्याला कुणीच अडवणार नाही. ह्यांच्या पाच मुद्द्यांत हा नव्हता.

म्हणून लिहा. माझ्या तोंडचं म्हणून लिहा, की या मुलाच्या आईचं म्हणणं आहे, त्याला तिथंच ठेवा. शिक्षा करायची ती करा, बढती थांबवा, पगार कापा, मला कोर्टात उभं करा. पण तिथून हलवू नका. लिहिलंत? वाचून दाखवा. — ‘विनंती’ नको, विनंत्या फार होतात माझ्या रोज, देव कंटाळलाय. ‘म्हणणं’ लिहा. हां. आणि तो प्रश्न राहिलाय ना तुमचा, मघापासून पेन तिथंच अडलंय — माहिती मुलानं स्वतः दिली का. हो. दिली. लिहा ‘हो’. मी खोटं बोलणार होते, ह्यांनी नीट पाठ करून घेतलं होतं, पण घटासमोर बसून खोटं बोलले आणि ते त्या पुलावर फळलं तर? म्हणून हो. कुठे सही करू? इथे? पूर्ण नाव लिहिते. पद्मजा श्यामसुंदर. हात ओला आहे, शाई पसरली जराशी, चालेल ना?

पुढे काय होईल ते तुम्हाला तरी काय माहीत म्हणा. तुमचं काम वर पाठवायचं. वरचे त्यांच्या वर पाठवतील. पाठवू द्या. आमचा जप अजून चाळीस हजार उरलाय, दसऱ्यापर्यंत होईल. आता नावं न घेता करतोय हं, काळजी करू नका, ‘सर्वांसाठी’ म्हणतो नुसतं. वासंतीवहिनींना ते फिकं वाटतं.

निघालात? माळ झालीच बघा माझी, पाच मिनिटं थांबलात तर आरतीलाच — नाही? बरं. बूट बाहेर आहेत. हो, सांगलीला आईला नमस्कार सांगा. — काय म्हणालात? आमोद? हो, सकाळीच आला होता फोन, बरा आहे, आवाज जरा बसलाय. आत्ता ना, कालपासून ते सगळे त्या —

नाही.

नाही सांगणार. तुम्ही आपुलकीनं विचारलंत, कळलं मला, तरी नाही. हसू नका. या आता, रविराज, जिना ओला आहे, जपून उतरा. या.